शेवटचा आठ, तीन नाही

दादानं अमेरिकेतून, एडिसनहून व्हिडिओ कॉल केला तेव्हा मी आईच्या घरी, बडोद्याच्या दांडिया बाजारातच होते, संध्याकाळची वेळ, आई ओट्याशी उभी राहून हिरवी मिरची वाटत होती आणि दादा अगदी एखादी मोठी कामगिरी फत्ते केल्यासारखा सांगत होता की आम्ही घरचा फोन बंद केला आणि नंबर मात्र तोच ठेवला, आता तो नंबर वहिनीच्या मोबाईलवर चालतो. आईला आधी कळलंच नाही. मग कळलं तसं तिनं मिक्सर बंद केला आणि म्हणाली, "म्हणजे घरचा फोन पर्समध्ये ठेवून फिरते का ही?"

दादा म्हणाला, हो, तसंच. आणि मग माझ्याकडे वळून, मोठ्या भावांचा तो खास सूर असतो ना, त्यात म्हणाला, तू पण करून टाक आईचा. कशाला दर महिन्याला भाडं भरायचं त्या तारेचं?

आता यात त्याची चूक काही नाही. तिकडे हे खरंच होतं. अमेरिकेत २४ नोव्हेंबर २००३ पासून लोक घरचा नंबर उचलून मोबाईल कंपनीकडे नेऊ शकतात, कारण तिथे घरचा फोन आणि मोबाईल यांचे नंबर दिसायला एकसारखेच, तीन आकडी एरिया कोड आणि पुढे सात आकडे, नंबर बघून कुणाला कळणार नाही की हा भिंतीवरचा आहे की खिशातला. एडिसनचा कोड ७३२, तो दादाच्या घरच्या फोनलाही होता आणि त्याच्या मोबाईललाही. अर्थात करताना त्यानं एक घोळ घातलाच, तो मला नंतर वहिनीनं सांगितला. नियम असा की जुनं कनेक्शन आपण स्वतः आधी बंद करायचं नाही, नव्या कंपनीला जुन्या बिलावरचा अकाउंट नंबर, नाव, पत्ता अक्षरन् अक्षर जुळवून द्यायचं आणि मग नवी कंपनीच जुनीकडून नंबर ओढून घेते. आधीच बंद केलंत तर नंबर हातातून गेला. हे त्यानं नीट केलं. पण त्यांचा फोन आणि इंटरनेट एकाच प्लॅनमध्ये बांधलेलं होतं, फोन गेला तसं त्याच्यामागून इंटरनेटही गेलं, आणि दोन दिवस हा कॉम्प्युटरचा माणूस शेजाऱ्याच्या वायफायवर ऑफिसच्या मीटिंगा करत बसला. हे त्यानं आम्हाला सांगितलं नाही.

तर मी कामाला लागले. मला वाटलं मोबाईलसारखंच असणार, १९०० वर मेसेज टाकायचा, आठ अक्षरी कोड येतो, तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. माझा स्वतःचा नंबर मी तसा दोनदा फिरवलाय. पण मेसेज टाकायचा कुठून? आईचा फोन म्हणजे तो करड्या रंगाचा बटणांचा डबा, त्याच्यावर आईनं विणलेलं झाकण, त्याला कुठला आलाय मेसेज. म्हणून एका दुपारी बिलाचा कागद घेऊन टेलिफोनच्या ऑफिसात गेले. काउंटरवर रिटायरमेंटला आलेले एक भाई होते, त्यांनी बिल बघितलं, मला बघितलं, आणि म्हणाले, "बेन, आ नंबर जमीननो छे. हवामां नहीं उडे."

मग त्यांनी समजावलं, आणि खरं सांगायचं तर कुणी इतकं नीट समजावेल असं मला वाटलं नव्हतं. आपल्याकडे नंबर बदलून न घेता कंपनी बदलायची सोय २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात सुरू झाली, २० जानेवारी २०११ पासून सगळ्या देशात, आणि ३ जुलै २०१५ पासून तर गुजरातचा नंबर घेऊन महाराष्ट्रात गेलात तरी चालतं. पण ही सगळी सोय मोबाईल ते मोबाईल. घरचा फोन तिच्यात नाहीच. मी म्हणलं, अहो पण आकडे तर दहाच आहेत ना इथेही, २६५ आणि पुढचे सात. ते हसले. म्हणाले, दहा आहेत पण हे दहा जागेचे आहेत. मोबाईलचा नंबर सहा, सात, आठ, नऊनं सुरू होतो आणि तो माणसाचा, तुमचा २६५ नं सुरू होतो आणि तो वडोदऱ्याचा. त्याच्या पुढचे काही आकडे कुठलं एक्स्चेंज ते सांगतात आणि शेवटचे आकडे त्या एक्स्चेंजमधली तार कुठली ते. पूर्वी तर कॉलचे पैसेही या आकड्यांवरून ठरायचे, किती लांब बोलताय त्यावर. हा नंबर खिशात घालून तुम्ही मुंबईला गेलात तर २६५ ला अर्थ काय राहिला?

मला पटलं की नाही सांगता येत नाही. पण घरी येताना सूरसागर तलावाच्या कठड्याशी पाच मिनिटं उभी राहिले, आणि मनात आलं की या माणसानं आत्ता मला आमच्या घराचा पत्ताच सांगितला की, फक्त आकड्यांत.

हा नंबर आमच्याकडे कसा आला ते मला पाठ आहे कारण बाबा ते दर पाहुण्याला सांगायचे. अर्ज केला तेव्हा मी जन्मायची होते, फोन आला तेव्हा मी चौथीत. मधली सगळी वर्षं आम्ही पीपीवाले. पीपी म्हणजे लग्नपत्रिकेवर आणि व्हिजिटिंग कार्डावर आपलं नाव आणि पुढे शेजाऱ्याचा नंबर, कंसात पीपी. आमचा पीपी समोरच्या पोळीतल्या, म्हणजे दाटीच्या गल्लीतल्या, शहाकाकांकडे. त्यांच्या खिडकीतून "ए मराठी, फोन!" अशी हाक आली की आई हातातलं असेल ते टाकून धावायची, आणि तिकडे जाऊन पदर सावरत, काकूंच्या देखत, अगदी सभेत बोलल्यासारखी बोलायची. आपल्या भावाशी बोलताना सुद्धा "बरं आहे, सगळं छान आहे" एवढंच. घरात आपला फोन आल्यावर तिनं मामाला पहिला ट्रंक कॉल लावला तेव्हा म्हणे ती रडलीच, कारण रडायला जागा पहिल्यांदा मिळाली.

बाबांची एक थिअरी होती की आपल्याला फोन मिळाला तो आपल्या युनिव्हर्सिटीमुळे. म्हणजे असं की सॅम पित्रोदा शिकले महाराजा सयाजीराव विद्यापीठात, मग अमेरिकेला गेले, परत येऊन १९८४ मध्ये सी-डॉट ही टेलिफोनचं तंत्रज्ञान बनवणारी सरकारी संस्था काढली आणि देशात फोन वाढले, म्हणून आपल्याला मिळाला. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग म्हणजे आम्हा बडोद्याच्या मराठी लोकांना सगळ्याच गोष्टींचा उगम सयाजीरावांपाशी नेऊन ठेवायची जी सवय आहे ना, ती. सेव-उसळीपासून सगळं.

पहिला फोन काळा, जड, चकतीचा. चकतीला कुलूप, बाबा ऑफिसला जाताना किल्ली घेऊन जायचे. पण दादानं शोध लावला होता की चकती फिरवायची गरजच नाही, रिसीव्हर जिथे टेकतो ती दांडी तितक्या वेळा टकटक दाबली की नंबर लागतो, पाचसाठी पाचदा, शून्यासाठी दहादा. चकती तरी दुसरं काय करते, फिरून परत येताना तारेतला प्रवाह तितक्या वेळा तोडते, तेच बोटानं करायचं. एकदा लय चुकली की वेगळ्याच घरी. बिलं बघून बाबा एक्स्चेंजला तक्रार करायचे की कुणीतरी आमच्या लाइनवर बोलतंय. बोलतच होतं. त्यांचाच मुलगा. पुढे एक्स्चेंज बदललं, नंबरात आकडे वाढले, सगळ्यांच्याच नंबराआधी एक दोन येऊन बसला, आणि आईनं टेलिफोनशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेल्या सगळ्या नंबरांच्या आधी पेन्सिलीनंच एकेक दोन काढला. त्या भिंतीला अजून रंग दिलेला नाही. बाकी खोलीला दिलाय, तेवढा चौकोन सोडून.

दादाला मी कळवलं की होत नाही. तो म्हणाला मग सरेंडर करून टाक. हे त्याच्याकडून सोपं आहे. आणि तसं बघितलं तर त्याचं म्हणणं बरोबरच, कारण त्या फोनचं काम काय उरलंय? बँकेचा ओटीपी त्याच्यावर येत नाही, गॅसचा येत नाही, आधारचा येत नाही, आईचे सगळे ओटीपी माझ्या मोबाईलवर येतात आणि मग मी तिला फोन करून आकडे सांगते आणि ती ते दारात उभ्या असलेल्या गॅसवाल्याला ओरडून सांगते, म्हणजे सगळ्या पोळीला आमचा ओटीपी माहीत. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईल लावताना आधी शून्य लावायचा नियम आला तेव्हा आई दोन दिवस माझ्यावर रुसून होती, कारण जुन्या सवयीनं ती बिनशून्याचा नंबर लावत होती आणि एक बाई रेकॉर्डवर काहीतरी सांगत होती, तिला वाटलं मी नंबर बदलला आणि तिला सांगितलं नाही. नियम कशासाठी तर मोबाईलसाठी आणखी नंबर मोकळे करायला, २५४ कोटींच्या वर नवे नंबर त्यातून निघणार होते. आईचं म्हणणं, मग त्यातला एक मला द्यायचा आणि हा तसाच ठेवायचा, शून्य कशाला.

पण सरेंडरचा फॉर्म आणूनही मी तो भरत नव्हते, आणि त्याला कारण ऑगस्ट २०२४. विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्या समा भागातल्या सोसायटीत पार्किंग गेलं, मग जिन्याच्या पायऱ्या, लाइट तर पहिल्याच रात्री गेली. मगरी निघाल्याचे व्हिडिओ जगभर फिरले पण आमच्याकडे व्हिडिओ बघायला चार्जिंग नव्हतं. दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या मुलाकडे पॉवर बँक होती, तो म्हणाला काकी, एक फोन करा, एकच. मी त्याचा मोबाईल हातात घेतला आणि मला एक नंबर आठवेना. नवऱ्याचा नाही, मुलीचा नाही. नवरा कामाला गेला होता तिकडेच अडकला होता आणि मला त्याच्या नंबरातले पहिले चार आकडे येत होते. मग बोटं आपोआप ०२६५ कडे गेली. आई म्हणाली, "हॅलो", तिच्या त्या लांबलेल्या हॅलोत, आणि पहिलं वाक्य, "तुझ्या नवऱ्याचा इथे फोन येऊन गेला, तो ठीक आहे, ऑफिसातच आहे, तू खाल्लंस का काही?" त्यालाही म्हणजे दुसरा कुठला नंबर पाठ नव्हता! आईकडेही लाइट नव्हतीच त्या दिवशी, पण तांब्याच्या तारेवरच्या फोनला घरची लाइट लागत नाही, एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांवरून ४८ व्होल्ट तारेतूनच येतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्या काउंटरवरच्या भाईंनी नंतर सांगितलं.

हे दादाला सांगितलं तर तो म्हणाला, अगं मग नवऱ्याचा नंबर पाठ कर ना.

शेवटी मी एक केलं. आईला म्हणलं, महिनाभर कोणाकोणाचे फोन येतात ते लिहून ठेव, आपण त्या सगळ्यांना तुझा मोबाईल नंबर कळवू, आणि मग बंद करू. तिनं दुधाच्या हिशोबाची वही उलटी करून मागून सुरुवात केली. महिन्यानं वही बघितली तर एकूण सत्तावीस फोन. त्यात पुण्याच्या आत्याबाई दोनदा, त्या मोबाईलवर बोलतच नाहीत, त्यांना वाटतं त्याला जास्त पैसे पडतात. गणेशोत्सव मंडळाचा वर्गणीचा एक. कर्ज हवंय का विचारणारे सहा, त्यातल्या एका मुलीशी आई वीस मिनिटं बोलली होती आणि समोर लिहिलं होतं "उन्नाव, वडील नाहीत". आणि उरलेल्यांत अकरा वेळा एकच शब्द. मंडप.

मंडपचं प्रकरण मला लहानपणापासून माहीत होतं पण अजून चालू आहे हे माहीत नव्हतं. मांडवीकडे एक मंडप-डेकोरेशनवाले आहेत, त्यांचा नंबर आणि आमचा नंबर यात फक्त शेवटच्या आकड्याचा फरक, त्यांचा आठ, आमचा तीन. त्यांच्या हातगाड्यांवर, जुन्या टेम्पोवर नंबर इंग्रजी आकड्यांत रंगवलेला, आणि आठाचा डावीकडचा रंग उडाला की राहतो तीन. लग्नसराई आली की आमच्याकडे फोन सुरू, खुर्च्या किती, गाद्या किती, मोगऱ्याचं तोरण होईल का. बाबा चिडायचे. आई कधीच नाही. तिचं एक ठरलेलं गुजराती वाक्य होतं, "भाई, छेल्लो आठडो छे, तगडो नहीं", आणि वर पुन्हा विचारायची, लग्न कोणाचं? मुलाचं का मुलीचं? तारीख कुठली? कधी कधी तर तिथी बघून सांगायची की त्या दिवशी फार लग्नं आहेत, लवकर बुक करा. आमच्या घरात बसून तिनं अर्ध्या बडोद्याची लग्नं लावली असं बाबा म्हणायचे, स्वतःच्या मुलीचं जमवायला मात्र पाच वर्षं लागली.

वही बघून मी म्हणलं, यांना काय कळवणार, हे तर रोज नवे. आई म्हणाली, त्यांना नाही, मंडपवाल्यालाच कळवायला हवं. त्याला सांगायला हवं ना की आमचा फोन बंद होतोय, बाबा रे आता तुझं तू बघ, बोर्ड रंगवून घे. इतक्या वर्षांत त्याच्याशी ती एकदाही बोललेली नव्हती. तिनं नंबर लावला, शेवटचा आठ. लागेना. परत लावला. मग मी ओळखीतून मोबाईल नंबर मिळवला आणि स्पीकरवर लावून दिला.

पलीकडे मुलगा, आवाजावरून तिशीतला. आईनं सगळं सांगितलं, मी दांडिया बाजारातली, तुमचा आठडो, आमचा तगडो, असं असं. तो आधी गोंधळला आणि मग म्हणाला, "पण मासी, ए लाइन तो चार वरसथी बंध छे."

आई गप्प. मी पण. म्हणजे चार वर्षं ती लोकांना नीट आवाजात, दोन-दोनदा, एक बंद नंबर देत होती. टेम्पोवरचा नंबर ज्यानं बरोबर वाचला त्याला कुणी भेटतच नव्हतं, ज्यानं चुकीचा वाचला त्याला निदान आई भेटत होती आणि ती त्याला पुन्हा बरोबर करून पाठवत होती.

तो मुलगा मात्र हसायला लागला. "तो ज हुं कहुं, लगनसरामां फोन केम ओछा थई गया!" म्हणजे तरीच म्हटलं, लग्नसराईत फोन कमी का झाले. आणि मग जरा वेळानं, गंभीरपणे, मासी, दादाजी म्हणायचे की एक मराठी बेन आहेत त्या आपली गिऱ्हाईकं परत पाठवतात, मला वाटायचं गोष्ट आहे.

आईनं मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, त्याला म्हणावं नंबर सांग, सावकाश सांग. मग पेन्सिल घेतली. भिंतीवरच्या त्या चौकोनात आता जागा फारशी नाही, शहाकाकांच्या मुलाचा नंबर आणि रद्दीवाल्याचा नंबर यांच्या मधे तिनं तो दहा आकडी मोबाईल बसवला, पुढे लिहिलं मंडप, आणि त्याखाली दोन रेघा.

सरेंडरचा फॉर्म मी काउंटरवरच्या भाईंना परत नेऊन दिला. त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं खरं तर, मीच लक्ष दिलं नव्हतं, की मोबाईलवर जाणार नाही पण त्याच एक्स्चेंजच्या हद्दीत तांब्याच्या तारेवरून फायबरवर जाईल, नंबर हाच राहील. लाइट गेली की मात्र बंद, फायबरच्या डब्याला घरचा करंट लागतो, त्यासाठी छोटी बॅटरी वेगळी घ्यायची. दादाला कळवलं. तो म्हणाला, म्हणजे भाडं भरतच राहणार. हो, म्हणलं, भरणार. आणि तुझ्या घरचं काय, परवा मी तुझ्या घरच्या नंबरावर फोन केला तर घर दुकानात ट्रॉली ढकलत होतं, भेंडी ताजी नाही म्हणत होतं.

आईला फायबरचं सगळं समजावून सांगितलं, डबा, बॅटरी, पुढच्या आठवड्यात माणूस येईल. तिनं ऐकून घेतलं. तिचा एकच प्रश्न होता, तो माणूस वायर खिडकीतून आणणार की या भिंतीतून.